भिंतीवरचा आजा, दप्तरातला उपरी

मंडळी, आपल्याकडे घरात शिरले की समोरच्या भिंतीवर एखादा जुना फोटो दिसतो. पागोटे, मिशा, गुडघ्यावर टेकलेला हात आणि चौकटीला वाळून गेलेला हार. हे कोण, असे विचारले तर ‘आजा’ म्हणून सांगतात. आजाचे नाव बहुतेकांना ठाऊक असते. आजाचा बाप कोण, इथे निम्मे थांबतात. आणि हे घराणे या गावात आले कुठून, असे विचारले की उत्तर सगळीकडे सारखेच मिळते, ते जरा घुश्शातच येते. “कुठनं येतंय? आमी हितलंच.”

तेरणेच्या काठी लोहारा तालुक्यात माकणी आहे. तिथल्या ज्या घरी मी हे उत्तर ऐकले, त्या घराची हकीकत आज सांगायची आहे. घरच्यांची नावे मी घेणार नाही. त्यांनी तशी अट घातलेली नाही, पण त्या गावात राहायचे त्यांना आहे, मला नाही. घरच्या म्हाताऱ्यांना मी आबा म्हणत होतो, आपणही आबाच म्हणू.

आबांना घुस्सा का आला, हे आधी समजून घेतले पाहिजे. आपल्या बोलीत ‘उपरा’ ही शिवी होऊन बसली आहे. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत, बांधाच्या भांडणात, पाणंदीच्या वादात कोणीतरी पटकन म्हणून जातो, “तुम्ही उपरे, तुम्हाला काय बोलायचा हक्क?” मग चार पिढ्या जमीन कसलेला माणूससुद्धा आपण इथलेच आहोत हे शपथेवर सांगू लागतो.

जुन्या दप्तरात मात्र ‘उपरी’ ही शिवी नव्हे. तो एक साधा दर्जा होता. पेशवाईतल्या गावात शेती करणारे दोन प्रकारचे. एक मिरासदार, म्हणजे थळकरी. त्याची जमीन वंशपरंपरेची, ती तो विकू शके, गहाण टाकू शके, गावच्या मानपानात त्याला जागा असे. दुसरा उपरी. तो बाहेरून आलेला, करारावर पडीक किंवा दुसऱ्याची जमीन कसणारा. तिच्यावर त्याचा कायमचा हक्क नाही, पण त्याला बांधूनही ठेवलेले नाही. साल बरे गेले नाही तर बैल जुंपून तो दुसऱ्या गावी जाई. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने १८१९ साली पेशव्यांकडून घेतलेल्या मुलखाचा अहवाल लिहिला, त्यात हा भेद नोंदलेला आहे. काही ठिकाणी मिरासदाराला दर तीन वर्षांनी मिरासपट्टी म्हणून जादा कर भरावा लागे, हेही त्यात आहे. हक्काला किंमत होती, आणि ती वसूल केली जाई.

आता यातली गंमत पाहा. दुष्काळ पडे, लुटालूट होई, पटकी येई, आणि मिरासदारांची घरेच्या घरे नाहीशी होत. त्यांच्या जमिनीला दप्तरात ‘गतकूळ’ म्हणत. ती पडीक ठेवली तर सरकारचा वसूल बुडे आणि गावावरचा बोजा वाढे. म्हणून पाटील आणि गावकरी मिळून ती एखाद्या उपऱ्याला देत, त्याला मिरासपत्र करून देत, आणि तो मिरासदार होई. दोन पिढ्यांनी तोच नव्या माणसाला उपरा म्हणायला मोकळा! पण थळाचे नाव बदलत नसे. जे घराणे केव्हाच बुडाले, त्याच्याच नावाने ते शेत कागदात चालत राही.

आबांच्या घरी मला पहिला धागा मिळाला तो इथेच. कोणते रान तुमचे, असे विचारल्यावर त्यांनी एका पट्टीचे नाव सांगितले, ते भलत्याच आडनावाचे होते. मी म्हटले, “आबा, या आडनावाचे कोण आहे गावात?” आबा विचारात पडले. म्हणाले, “कोण न्हाई बगा. नावच हाये नुसतं.” एवढे बोलून ते गप्प झाले. मला वाटते, हा प्रश्न त्यांना ऐंशी वर्षांत कोणी विचारलाच नव्हता.

निजामाच्या राज्यात शब्द निराळे होते. १३१७ फसलीच्या, म्हणजे १९०७-०८ सालच्या, जमीन महसूल कायद्यात पट्टेदार, शिकमीदार आणि आसामी शिकमी असे शब्द येतात. ज्याच्या नावे सरकारी पट्टा तो पट्टेदार. त्या पट्ट्यात ज्याचा हिस्सा तो शिकमीदार. आणि पट्टेदाराकडून घेऊन प्रत्यक्ष कसणारा तो आसामी शिकमी. शोध घेणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे. आपल्या पणज्याचे नाव पट्टेदाराच्या रकान्यात मिळाले नाही म्हणून पान उलटू नये. बाहेरून आलेला माणूस दप्तरात शिरतो तो असा शेजारच्या रकान्यातून शिरतो. पुढे १९५० च्या हैदराबाद कूळकायद्याने अशा अनेकांना संरक्षित कूळ म्हणून हक्क मिळाला, आणि १९५४-५५ च्या खासरा पत्रकात त्यांची नावे सापडतात.

आता फोटोकडे येऊ. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती बोळवून लोक झोपले असताना, किल्लारी-सास्तूरच्या बाजूला धरणी हादरली. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीचे माळवद, अशी आपली घरे. ती माणसांवरच बसली. हजारो माणसे गेली, पन्नासावर गावे आपल्या पांढरीवरून उठून नव्या जागी गेली. त्या मातीखाली किती फोटो, किती चोपड्या आणि किती देव गाडले गेले याची गणती कोण करणार? माणसांचीच मोजदाद करताना हात थरथरत होते. आबांच्या घराची भिंत त्या पहाटे पडली. माणसे वाचली. चार दिवसांनी माती उपसताना हा फोटो वर आला. काच फुटलेली, एक कोपरा ओला, पण आजाचा चेहरा शाबूत. तेव्हापासून आबा त्याला रोज उदबत्ती लावतात.

मी तो खाली काढून उजेडात धरला. पुठ्ठ्यावर चिकटवलेला, खाली सोलापूरच्या एका स्टुडिओचा छाप. आजाच्या अंगात कोट होता. नातू मोठ्या अभिमानाने म्हणाला, “बघा सर, त्या काळात कोट! घर मोठं होतं आमचं.” इथे मला जरा विरस करावा लागला. जुन्या स्टुडिओत कोट टांगलेला असे, खुर्ची असे, मागे बागबगीच्याचा रंगवलेला पडदा असे. माणूस आत शिरला की तो कोट अंगात घालून बसे. म्हणून फोटोतल्या कोटावरून घराची श्रीमंती मोजू नये. पागोटे मात्र बहुधा स्वतःचे असते. पायही पाहावेत. या फोटोतले पाय अनवाणी होते.

पण खरी गोष्ट डाव्या खांद्यावर होती. तिथे चार बोटे होती. दुसऱ्या कोणाची तरी! आजाच्या खांद्यावर कोणीतरी हात ठेवला होता आणि त्या माणसाला कापून टाकले होते. पूर्वी घरातला माणूस वारला की एखाद्या जुन्या जोडीच्या किंवा चारचौघांच्या फोटोतून त्याच्या एकट्याचे चित्र मोठे करून घेत, त्यावर काळ्या खडूने मिशा-डोळे गडद करत. तसे हे केलेले होते. बोटे पुसायची राहून गेली होती. ज्या फोटोला रोज उदबत्ती लागते, त्यावरची ही बोटे आबांनी पाहिली नव्हती, नातवानेही पाहिली नव्हती.

“हा कोणाचा हात?” मी विचारले. कोणी बोलेना. मग स्वयंपाकघराच्या दारातून काकूंचा आवाज आला. “थोरल्या भावाचा आसंल. सासूबाई सांगायच्या, सोलापुरात ऱ्हायला तो. गिरणीत. आन् धाकला चालत हिकडं आला.”

मंडळी, या कामात मला वारंवार आलेला अनुभव आहे. बाप्ये वंशावळ सांगतात, आणि ती सांगताना जे अडचणीचे असेल ते गाळतात. बायका मात्र आपले नसलेले घर सांभाळायला आलेल्या असतात. सासूने काय सांगितले, जावळ कुठल्या देवाला काढायचे, कुणाच्या घरचे सुतक धरायचे आणि कुणाचे नाही, हे सारे त्यांना मुखोद्गत असते, कारण चुकले तर बोल त्यांनाच लागतो. म्हणून घरचा इतिहास विचारायचा तर ओसरीवर थांबू नये.

सोलापुरात १८७७ साली पहिली कापडगिरणी निघाली, लोक तिला जुनी गिरणी म्हणत. रेल्वे तिथे १८६० लाच आलेली होती. दुष्काळ पडला की पश्चिमेकडची, म्हणजे माण, सांगोला, मंगळवेढे या बाजूची माणसे पोटामागे सोलापूरला येत. कोणी गिरणीत चिकटे, कोणी पुढे निजामाच्या हद्दीत काळ्या रानाकडे जाई. ही वाट जुनीच होती. इंग्रजी अंमल आल्यावर १८३० च्या सुमारास पुणे-सोलापूरकडे प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने जमाबंदी केली. ती इतकी जड झाली की रयत जमिनी टाकून सरहद्द ओलांडून निजामाच्या मुलखात गेली. मग १८३६ साली इंदापुरात गोल्डस्मिड आणि विंगेट यांना तो आकार नव्याने बसवावा लागला. पुढे १८५३ ते १८६० एवढी सात वर्षे नळदुर्गचा हा आपला जिल्हाच इंग्रजांकडे होता. पहिली चार वर्षे त्याचा कारभार मेडोज टेलरने पाहिला आणि जमिनीची मोजणीही सुरू केली. त्याच्या आत्मचरित्रात या मोजणीची हकीकत वाचायला मिळते. सांगायचे असे की सरहद्द ही नकाशावर रेघ होती. कुणब्याच्या दृष्टीने ती जड वसुली आणि हलकी वसुली यांच्यामधला बांध होती, आणि बांध ओलांडता येतो.

काकू बोलल्यावर आबा उठले आणि त्यांनी पत्र्याचा एक डबा आणला. आत निजाम सरकारच्या स्टँपाच्या कागदावर मोडीत लिहिलेला बटईचा करार होता. अमक्याने अमक्याची जमीन निम्म्या बटईने कसावी. कसणाऱ्याचे नाव आजाचेच. त्यापुढे त्याच्या मूळ गावाचे नाव होते, पण तिथे कसर लागून शेवटची ‘वड’ एवढी दोनच अक्षरे उरली होती. आणि पुढे स्पष्ट लिहिले होते, ‘हल्ली मुक्काम माकणी’.

मी ते ‘हल्ली’ दोनदा मोठ्याने वाचले. आबा ऐकत होते. “म्हंजी आमी हितलं न्हाव,” ते हळू म्हणाले. मी म्हटले, “आबा, सव्वाशे वर्षांची हल्ली झाली ती.” त्यांना हसू आले, पण लगेच नाही.

आता माझी चूक सांगतो. कागदावर सन १३०८ होता. मी घाईने तो हिजरी धरला आणि १८९०-९१ साल सांगून मोकळा झालो. घरी येऊन नक्कल पुन्हा वाचली तेव्हा महिन्याचे नाव दिसले, खुर्दाद. हिजरीत मोहरम, सफर, रज्जब असे महिने असतात. खुर्दाद हा निजामाच्या फसलीतला. हे फसली वर्ष ऑक्टोबरात सुरू होई. फसली सनात ५९० मिळवले की इसवी सन येतो, आणि जानेवारीनंतरचा महिना असेल तर ५९१ मिळवावे लागतात. खुर्दाद म्हणजे एप्रिलची सुरुवात ते मेची सुरुवात. तेव्हा करार झाला १८९९ च्या पाडव्याच्या सुमारास, बटई ठरवण्याच्या नेमक्या दिवसांत.

आठ वर्षांचा हा फरक म्हणजे नुसता आकडा नव्हे. १८९६-९७ ला दख्खनमध्ये मोठा दुष्काळ पडला होता. आजाने घर सोडले ते त्या वेळी, किंवा त्याच्या धक्क्याने, हे आता जुळते. त्यातून वाचून तो माकणीला येतो, दुसऱ्याच्या रानात निम्म्याने नांगर धरायचे कबूल करतो, आणि त्याच १८९९ साली पाऊस दगा देतो. १८९९-१९०० चा दुष्काळ गुजरात-राजस्थानात छप्पनचा काळ म्हणून आजही भयाने आठवतात. मराठवाडाही त्यात होरपळला. म्हणजे या माणसाने या गावात पेरलेले पहिलेच पीक त्या वर्षीचे होते. सोलापूरला, भावाच्या गिरणीकडे परत जायची वाट मोकळी होती. तो गेला नाही. का गेला नाही, ते कोणत्याच रकान्यात लिहिलेले नसते.

राहता राहिला ‘वड’चा प्रश्न. ‘वड’ने संपणारी गावे थोडी नाहीत. तेव्हा देव्हाऱ्याकडे वळलो. टाक म्हणजे चांदीच्या पत्र्यावरचे ठसे. शेतकऱ्याच्या घरचे सर्वांत जुने फोटो तेच, असे मी वर्गातही सांगतो. माकणीच्या आसपासच्या घरांत तुळजाभवानी असते आणि अणदूर-नळदुर्गचा खंडोबा असतो. इथेही ते होते. पण एक टाक निराळा होता. काकू म्हणाल्या, “ह्यो शिद्धनाथ. म्हसवडचा. आमच्या घरची पोरं पयल्या जावळाला तितं न्यायची म्हनं. आता कोन नेत न्हाई.” साताऱ्याच्या माण तालुक्यातले म्हसवड, मार्गशीर्षात सिद्धनाथाचा रथ निघतो ते! ‘वड’ जुळले. अर्थात देव ही साक्ष आहे, पुरावा नव्हे. लग्नात, नवसात, सोयरिकीत देव घरे बदलतात. पण कागदाची दोन अक्षरे, टाक आणि सासूबाईंचे बोलणे या तिघांनी एकमेकांना न विचारता एकच गाव दाखवले, तेव्हा मी ते मानतो.

समुद्र ओलांडून गेलेल्यांची गोष्ट याहून सोपी आहे, हे ऐकून नवल वाटेल. एकोणिसाव्या शतकात रत्नागिरी, सावंतवाडी, सातारा या बाजूची मराठी माणसे मुंबईच्या बंदरातून मॉरिशसला उसाच्या मळ्यांवर गेली. त्यांना मजूर म्हणून नंबर मिळाला, आणि रजिस्टरात बापाचे नाव, वय, जात, गाव लिहिले गेले. १८६० नंतरच्या काळात तर परवान्यासाठी त्यांचे फोटो काढले गेले. ती रजिस्टरे आणि फोटो आज तिथल्या मोका गावच्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये आहेत, आणि त्यांच्या पणतवंडांना तिथे आपला आजा सापडतो. ते फोटो प्रेमाने काढलेले नव्हेत. माणूस पळून जाऊ नये म्हणून काढलेले आहेत. डोळ्यांत पाहिले की कळते. पण सापडतात खरे. म्हसवडहून माकणीला चालत आलेल्या माणसाचे नाव मात्र कोणी नाक्यावर लिहून घेतले नाही.

आमच्या नातवाकडे जुन्या दप्तराची आणखी एक नक्कल होती. २०२३ पासून मराठवाड्यात कुणबी नोंदींसाठी निजामकाळाची कागदपत्रे धुंडाळली जात आहेत. सरकारने समिती नेमली, मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांना अचानक भाव आला, आणि २ सप्टेंबर २०२५ ला हैदराबाद गॅझेटियरसंबंधीचा शासननिर्णय निघाला. त्या वादात मला इथे शिरायचे नाही. पण जो तो एक शब्द शोधतो, सापडला की त्याला प्लॅस्टिक चढवतो आणि कागद मिटतो, हे पाहून जीव कळवळतो. त्याच ओळीत शेजारच्या रकान्यात गाव असते, बापाचे नाव असते, पीक असते, विहीर आहे की नाही ते असते. आणि प्लॅस्टिक चढवू नका. उष्णतेने जुना कागद खराब होतो आणि मग तो सोडवता येत नाही. फोटो काढून ठेवा आणि मूळ कागद सुती कापडात गुंडाळून कोरड्या जागी ठेवा.

गुरुजी, आपल्या शाळेच्या कपाटात दाखल-खारीज रजिस्टर आहे. त्यात जन्मस्थळाचा रकाना असतो. एखाद्या पावसाळी दुपारी मुलांकडून त्यातल्या जुन्या गावांची यादी करून घ्या. मग मुलांना घरी पाठवून पाच गोष्टी विचारायला सांगा. आपल्या रानाचे नाव काय, जावळ कुठे काढतात, फोटोत कोण आहे, आजीचे माहेर कुठले आणि सुतक कुठल्या गावचे येते. मूळ विचारताना कोणाला हिणवले जाणार नाही याची काळजी मात्र आपण घ्यायची. वर्गात कोणी ‘उपरा’ म्हणाला, तर फळ्यावर त्याच्याच घराचे थळ काढावे.

पुढे आबांचा नातू दोनदा सोलापूरला जाऊन आला. ती गिरणी आता नाही. त्या आडनावाची चार घरे मिळाली, पण हात कोणाचा ते कोणालाच ओळखता आले नाही. एका घरी जोडीचा फोटो ‘होता’ असे म्हणाले.

फोटो परत भिंतीवर लावण्यापूर्वी माकणीच्या शाळेतल्या एका गुरुजींनी तो उलटा केला आणि मऊ पेन्सिलीने पुठ्ठ्याच्या मागे लिहिले. आजाचे नाव, त्याच्या बापाचे नाव, मूळ गाव म्हसवड असावे, माकणीत कराराचा कागद खुर्दाद १३०८ फसली, सांगणार घरची थोरली सून, आणि त्या दिवसाची तारीख. खांद्यावरच्या हाताबद्दल काय लिहू, म्हणून त्यांनी आबांना विचारले. आबा बराच वेळ फोटोकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “लिवा, थोरला भाऊ. नाव ठावं न्हाई. जागा सोडा तेवडी.”